नुमाइशीतला बर्फ

माझ्याविषयी वर्तमानपत्रांत जे थोडंफार छापून आलं, ते वाचलं तर मी हिमाचलातच लहानाची मोठी झाले असं कुणालाही वाटेल. देशात अगदी सुरुवातीला स्नोबोर्ड शिकलेल्या बायकांपैकी एक, मनालीच्या वरच्या उतारांवर घडलेली, स्पर्धांतली पदकं, मग गुडघा गेला आणि शिकवायला लागली, नवरा पहाडी, एक मुलगी. लिहिणारी मंडळी भली असतात. हैदराबाद हा शब्द ती एकदा जन्मगाव म्हणून लिहितात आणि पुढच्या ओळीत बर्फात शिरतात. हैदराबादेत कुठला आलाय बर्फ, असं त्यांना वाटत असणार. पण बोर्डाला पाय बांधून मी पहिल्यांदा घसरले ती नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे दर हिवाळ्यात भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनात, बांबूंवर पत्रे ठोकलेल्या उतारावर, बर्फाच्या कारखान्यातून आलेल्या लाद्यांच्या चुऱ्यावर. त्या एका हिवाळ्याबद्दल मी आजवर घराबाहेर बोलले नाही. लपवायचं म्हणून नव्हे. बोलायला गेलं की अजूनही कानशिलं तापतात.

बरकतपुऱ्यात माईंच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. माई वर राहायच्या. त्यांचं घराणं निजामाच्या काळापासून हैदराबादेत वकिली करणारं. यजमान वारलेले, मुलगा नुकताच कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेलेला. बाबा काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. आमचं मूळ गाव कवठा, नांदेडकडचं. तिकडून येणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीची शिट्टी घरात ऐकू यायची आणि आई तेवढ्यापुरती शिलाईचं मशीन थांबवायची. माहेरचं माणूस उतरल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. मग मशीन पुन्हा खडखडायला लागायचं. आई मोहल्ल्यातल्या बायकांची ब्लाउजं शिवायची. बाबांच्या शर्टाला ऋतूप्रमाणे वास असायचा. कधी हळदीचा, कधी केळीच्या घडांचा, मृगाच्या आधी आंब्याच्या पेट्यांचा. आल्या आल्या मी त्यांच्या बाहीला नाक लावून आज काय पार्सल आलं ते ओळखायचे आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायचे.

जेवणात अंबाडी ठरलेली. आई ज्वारीच्या कण्या घालून ती शिजवायची आणि वरून लसणाची फोडणी अशी द्यायची की चर्रकन आवाज वरच्या मजल्यावर जायचा. थोड्या वेळानं जिन्यावरून माईंची हाक यायची, "कवठेकर वहिनी, वाटीभर ठेवा हो मला!" आई वाटी नेऊन द्यायची. ती परत यायची तेव्हा तिच्यात कढी असायची, नाहीतर ओल्या नारळाच्या दोन करंज्या. माई आम्हाला कवठेकर म्हणायच्या. शाळेत माझं आडनाव सोनकांबळे. कवठ्याचे म्हणून त्या कवठेकर म्हणत असतील, एवढंच मला वाटायचं. मोठी माणसं माणसांना गावाच्या नावानं हाक मारतातच.

मी स्केटिंगला लागले ते इक्बालसरांमुळे. ते एका बँकेत कॅशियर होते आणि सकाळी बागेतल्या सिमेंटच्या रिंकवर पोरं शिकवायचे. आईबरोबर भाजी आणायला जाताना मी कुंपणाला लटकून बघत राहायचे, तेव्हा एकदा त्यांनीच बोलावलं. "देखते कायकू खडे, बेटा? अंदर आओ. गिरना सिखाता मैं, चलना तुम खुद सीख जाते." माझ्याकडे स्केट नव्हते. त्यांनी कुणाच्या तरी लहान झालेल्या जोडीला पट्टे लावून दिले. बाबा ड्यूटीवर जाण्याआधी सायकल कुंपणाला टेकवून उभे राहायचे. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी वळण नीट घेतलं की त्यांचा हात सायकलच्या घंटीवर जायचा. राज्याच्या स्पर्धेत मला पदक मिळालं तेव्हा त्यांनी ते पार्सल ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवलं होतं. हमालांनी एकेक करून हातात घेऊन पाहिलं म्हणे. त्यांच्यातला यादगिरी नावाचा हमाल तर ते दातांनी चावून बघणार होता.

ती वर्षं अशी होती की गल्लीत रोज काहीतरी नवं यायचं. माईंकडे केबल आली. गच्चीवरून आमच्या खिडकीसमोरून काळी वायर गेली आणि रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या दिवाणखान्यात परदेशातले खेळ बघायला लागलो. तिथंच मी पहिल्यांदा पाहिलं, पांढऱ्या डोंगरावरून एका फळीवर उभं राहून खाली येणारी माणसं. फळी जेवायला बसायच्या पाटासारखी, फक्त लांब. ती डावी-उजवीकडे झुकायची आणि मागं बर्फाचा फवारा उठायचा. मी खुर्चीच्या कडेला आले होते. माई हसून म्हणाल्या, "अगं, पडशील!" घरी येऊन मी खरोखरच पाटावर उभी राहून बघितलं. आईनं लाटणं उगारलं.

त्याच हिवाळ्यात एका परदेशी फ्रिज कंपनीनं नुमाइशीत मोठा स्टॉल घेतला. जाहिरातीचं काम बघायला मुंबईहून खन्ना नावाचे गृहस्थ आले होते. गुळगुळीत दाढी, मऊ आवाज, प्रत्येकाला सर म्हणायची सवय. त्यांची कल्पना अशी की स्टॉलसमोर बर्फाचा डोंगर करायचा आणि त्यावरून एक मुलगी स्नोबोर्डवर खाली आणायची. बोर्ड त्यांनी कॅनडातल्या मेव्हण्याकडून मागवला होता. मुलगी शोधायला ते इक्बालसरांकडे आले आणि सरांनी माझं नाव सांगितलं. खन्ना बाबांना म्हणाले, "सर, सीझन चांगला गेला तर उन्हाळ्याआधी कंपनी आपली टीम मनालीला ट्रेनिंगला पाठवणार. वैशाली त्यात असेल." मनाली हा शब्द बाबांनी दिवसभर तोंडात चघळला. संध्याकाळी आईला म्हणाले, "खरा बर्फ हाय तिथं. पोरगी खऱ्या बर्फावर जाईल."

सरावाचे दिवस मला अजून लख्ख आठवतात, आणि त्यांची लाज वाटत नाही. सकाळी नुमाइशीचं मैदान रिकामं असायचं. पोत्यांत गुंडाळलेल्या, भुसा चिकटलेल्या लाद्या हातगाड्यांवरून यायच्या, माणसं त्या लाकडी मोगऱ्यांनी फोडायची आणि चुरा फावड्यानं पत्र्याच्या उतारावर पसरायची. वरच्या फळीवर उभी राहून पाय बांधले की पाय माझे राहत नसत. स्केटवर प्रत्येक पाय वेगळा विचार करतो. इथं दोन्ही पाय एकाच गोष्टीला बांधलेले, आणि शरीरानं काय ते ठरवायचं. पहिल्या दिवशी मी कितीदा तरी पालथी पडले. मग एकदा टाचांवर जरासा भार गेला आणि बोर्ड माझ्याखाली वळला. खर्रर्र असा आवाज आला. उतार पाचपन्नास पावलांचाही नसेल. पण तो आवाज पायांतून वर मणक्यापर्यंत आला आणि मला कळलं की मला हेच करायचं आहे. पुढे खऱ्या डोंगरांवर मी हजारो वळणं घेतली असतील. त्या पहिल्या वळणाइतकं स्वच्छ सुख क्वचितच मिळालं.

उद्घाटनाच्या दिवशी मात्र मला स्टॉलच्या मागच्या खोलीत बसवण्यात आलं. तिथं रोझीआंटी नावाच्या मेकअपवाल्या बाई होत्या. त्यांनी एका डबीतून पांढरं-गुलाबी काहीतरी काढलं आणि ओल्या स्पंजनं माझ्या तोंडाला लावायला सुरुवात केली. मला वाटलं, नाटकात लावतात तसं थोडंसं असेल. त्या गळ्यापर्यंत आल्या, कानांमागं गेल्या, मग म्हणाल्या, "हात दे." मनगटापासून बोटांपर्यंत त्यांनी दोन्ही हात रंगवले. लोकरीच्या टोपीखाली सोनेरी केसांचा टोप बसवला. खन्ना दारात येऊन बघून गेले आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "परफेक्ट. बेटा, वाईट वाटून घेऊ नकोस. कंपनी परदेशी, माल परदेशी. पब्लिकला तसंच बघायचं असतं. फक्त बोलायचं नाही." आरशात मी स्वतःकडे पाहिलं. डोळे तेवढे माझे होते, आणि त्यांवरही लगेच काळा गॉगल चढला.

बाहेर माइकवर सलीमभाई होते. जुन्या शहरातला हसरा माणूस, लग्नांत आणि जलशांत बोलणारा. त्यांनी आवाज चढवला, "हजरात! ख्वातीन! सीधे स्वित्झर्लंड से, बर्फ की मलिका, मिस नताशाऽऽ!" टाळ्या पडल्या. कुणीतरी शीळ घातली. मी खाली आले, वाकून हात हलवला, कारण तसं सांगितलं होतं. माझ्या जन्मात मला इतक्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या, आणि त्यातली एकही मला नव्हती. लहान पोरं पुढे येऊन माझ्या हाताला बोट लावून बघायची. एक बाई आपल्या सावळ्या मुलीला तेलुगूत म्हणाली, बघ कशी गोरी आहे. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला गॉगलच्या आत डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

घरी मी एवढंच सांगितलं की शो चांगला झाला. आईनं मला केस धुवायला बसवलं तेव्हा कानामागचा पांढरा थर तिच्या बोटाला लागला. तिनं बोट उजेडात धरून बघितलं.

"हे काय गं?"

"मेकअप. सगळ्यांनाच लावतात."

तिनं पिठाचा डबा ओढला. बेसन कालवलं आणि माझी मान अशी घासली की आग आग झाली. शेवटी तांब्या ओतता ओतता म्हणाली, "खेळायला जातीस का सोंग काढायला?"

"आई, मनालीला जायचंय ना मला?"

"जा की. आपलं तोंड घिऊन जा."

बाबांना यातलं काही सांगू नको, असं मी तिला विनवलं. बाबांना मी म्हटलं, नुमाइशीत फार गर्दी असते, तुम्ही येऊ नका, मी शेवटच्या दिवशी नेईन. ते मान हलवायचे. पण त्यांच्या पोटात कौतुक मावत नव्हतं. एका रविवारी दुपारी मी उताराच्या टोकावर उभी होते आणि सलीमभाई स्वित्झर्लंडच्या डोंगरांचं वर्णन करत होते, तेव्हा मला गर्दीत पहिल्या रांगेत बाबा दिसले. इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल. शेजारी यादगिरी, त्याची बायको, दोन पोरं आणि पार्सल ऑफिसातले रावसाहेब. सगळ्यांना ते घेऊन आले होते, मुलगी दाखवायला.

उताराचं टोक फार उंच नव्हतं. तिथून मला त्यांचा चेहरा पुरता दिसत होता. ते नताशाकडे बघत नव्हते. त्यांची नजर स्टॉलच्या दारावर होती, मी कधी बाहेर येते याची वाट बघत. मी खाली आले. वळण घेतलं, आणि त्या वळणात त्यांनी मला ओळखलं. चेहरा झाकता येतो, टोप घालता येतो, पण कुंपणाशी उभं राहून वर्षानुवर्षं माझं झुकणं पाहिलेल्या माणसापासून ते कसं लपवणार? त्यांचे हात टाळीसाठी वर आले होते ते तसेच राहिले.

आणि नेमकं तेव्हाच सलीमभाईंचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. रोज कुणाला तरी पुढे बोलवायचं, नताशाशी हात मिळवायला लावायचं, हा खेळाचाच भाग होता. "वो इस्त्रीवाले चाचा! हौ, आपकूच बोल रहा मैं. आओ, मेमसाब से हाथ मिलाओ!" यादगिरीनं हसत त्यांना पुढे ढकललं. बाबा पत्र्याच्या कडेला येऊन उभे राहिले. आमच्यामध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी वाहत होतं.

"कां से आये, चाचा?"

"काचीगुडा," बाबा म्हणाले.

"कैसी लगी मेमसाब?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे माझं नाव घेणार. घ्यावं असं वाटत होतं आणि घेऊ नये असंही. "अच्छी है," ते म्हणाले. मग हात पुढे केला आणि त्यांना येणाऱ्या थोडक्या इंग्रजीतले दोन शब्द उच्चारले, "थँक्यू, मॅडम."

मी त्यांचा हात धरला. लोक हसले, टाळ्या पडल्या. हात सोडला तेव्हा त्यांच्या तळव्यावर पांढरा डाग उमटला होता. त्यांनी तो पाहिला आणि हात पँटच्या खिशात घातला. गर्दीत परत जाताना यादगिरीनं विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, "साब, आपकी बेटी किधर है?" आणि बाबांचं उत्तरही ऐकू आलं, "आज उसकी छुट्टी है. मेरेकू याद नै रहा."

दोन खेळांच्या मध्ये मी मागच्या खोलीत फ्रिजच्या रिकाम्या खोक्यावर बसले होते. पडदा सारून बाबा आत आले. बरोबरच्यांना त्यांनी मिरची भज्यांच्या गाडीवर सोडलं होतं. ते समोरच्या खोक्यावर बसले. मी टोप काढला, पण तोंड तसंच होतं. मला रडायला येत होतं आणि रडले तर रंगाचे ओघळ येतील, खन्ना रागावतील, हेच डोक्यात होतं. इतकं क्षुद्र काहीतरी त्या वेळी डोक्यात असावं, याचीही पुढे कित्येक वर्षं मला लाज वाटत राहिली.

"बाबा, तुम्ही सांगितलं का नाही, ही माझी मुलगी आहे म्हणून?"

"तुझं काम गेलं असतं माय." मग म्हणाले, "आन् मला सवय हाय."

"कसली?"

ते खाली बघून बोलायला लागले. बरकतपुऱ्यातली खोली बघायला ते आले तेव्हा माईंनी आडनाव विचारलं होतं. त्याआधी दोन ठिकाणी त्यांनी खरं सांगितलं होतं आणि दोन्ही ठिकाणी खोली आदल्या दिवशीच दिलेली निघाली होती. आई गरोदर होती, काचीगुडा जवळ होतं. "तोंडातून कवठेकर निघून गेलं. पुढं काय, रोजचंच झालं. सण विचारला की सांगायचा. कुलदैवत विचारलं, तर गावाकडचं कायतरी सांगायचं. बुद्धवंदना आतल्या खोलीत हळू म्हणायची. तुझी आई पहिल्यांदा अंबाडी घिऊन वर गेली, तवा मी खाली जिन्यात कान देऊन उभा होतो." ते हसायचा प्रयत्न करत होते. "तुला आज लावलं ना हे, ते संध्याकाळी धुता येतंय. माझं कधी धुतलंच नाय."

मी आजवर ज्या घराला माझं घर समजत होते, जिथं वाटी वर जायची आणि भरून खाली यायची, त्या घरात माझे आईबाप माझ्या जन्माआधीपासून गॉगल लावून वावरत होते. मला बाबांची दया आली पाहिजे होती. मला लाज वाटली. त्यांची, माझी, आईनं मन लावून घातलेल्या त्या फोडणीची. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

"मी जाऊ का परत उतारावर?" मी विचारलं.

"तुझं तू बघ," ते उठत म्हणाले. "मनाली तुझी हाय. मी काय सांगू?" पडद्याशी जाऊन त्यांनी खिशातला हात काढला, तळवा पँटला पुसला, आणि बाहेर गेले.

मी नळावर गेले आणि तोंड धुतलं. पुढे ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, म्हणजे माझ्या नवऱ्याला आणि मुलीला, ते याला धाडस म्हणाले. तसं काही नव्हतं. मला फक्त पुन्हा कुणाच्या हाताला तो डाग लागलेला बघवणार नव्हता. रोझीआंटी स्पंज घेऊन मागं मागं आल्या. "अरे बाबा, मेरी नोकरी जाएगी!" मी म्हटलं, "नक्को आंटी. मैं बोलती उनकू." खन्ना पुढच्या बाजूला डीलर मंडळींना फ्रिज उघडून दाखवत होते. मी टोपीशिवाय, टोपाशिवाय, माझ्या काळ्या वेणीसकट शिडी चढले. सलीमभाईंनी वर बघितलं आणि माइक हातानं झाकला.

"ये क्या हो गया? नताशा किधर गई?"

"गई. मेरा नाम बोलो, भाई. वैशाली सोनकांबळे."

"सोन... क्या?"

"सोनकांबळे."

त्यांनी क्षणभर खन्नांच्या पाठीकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "हजरात! अब आपके सामने, अपने हैदराबाद की बच्ची, वैशाली सोन कांबळेऽ!"

टाळ्या पडल्या नाहीत. कुजबुज झाली. मागून एकजण ओरडला, "गोरी कू लाओ!" हशा पिकला. मी निघाले. गॉगल नव्हता, दिवे थेट डोळ्यांत येत होते, आणि दिवसभरात चुरा वितळून पत्रा उघडा पडला होता. वळणावर बोर्डाची कड पत्र्यात अडकली. सगळ्या हिवाळ्यात मी एकदाही खेळात पडले नव्हते. त्या दिवशी, माझ्या नावानिशी, मी पालथी पडले आणि घसरत लोकांच्या पायांशी जाऊन थांबले. हनुवटी फुटली. पाणी गळ्यात शिरलं. लोक इतके हसले की सलीमभाईंचा आवाज ऐकू येईना. त्या हशातून एकच माणूस वेड्यासारखा टाळ्या वाजवत होता. यादगिरी. "साब की बेटी! हमारे साब की बेटी!" त्याला वाटलं असावं, पडणं हाही खेळच आहे. बाबा त्याच्या शेजारी होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. ते वाकून, कपडे भिजवत, माझ्या पायांचे पट्टे सोडवत होते. पट्टे कसे सुटतात ते त्यांना माहीत नव्हतं, आणि ते उलटेच ओढत होते.

खन्ना रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "सर, मला समजतं," ते बाबांना म्हणाले, "पण ब्रँडचा प्रश्न आहे." दुसऱ्या दिवशी मुंबईहून एक मुलगी आली, मनालीलाही तीच गेली. मी बर्फापर्यंत पोचायला आणखी काही हिवाळे गेले. इक्बालसरांनी ओळखीपाळखी काढून मला एका गिर्यारोहण शिबिरात धाडलं आणि तिथल्या एका शिक्षकाकडे मोडका बोर्ड होता, त्यावर सुरुवात झाली. वर्तमानपत्रांतली गोष्ट तिथून सुरू होते.

सोमवारी सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी बाबा जिना चढून वर गेले. आईनं मशीन थांबवलं. आम्ही दोघी खाली उभ्या राहून ऐकत होतो. बाबांचं बोलणं नीट ऐकू आलं नाही. माईंचं आलं. "अहो, त्यात काय एवढं! बरं झालं सांगितलंत." आवाज नेहमीसारखाच गोड होता. बाबा खाली आले, म्हणाले, "बाई चांगली हाय," आणि सायकल काढून गेले. त्या आठवड्यात आईनं अंबाडी केली. फोडणीचा आवाज वर गेला. हाक आली नाही. आईनं तरी वाटी भरून नेली. माईंनी ती दारातच घेतली आणि "आज उपास आहे हो," असं म्हणाल्या. वाटी दुसऱ्या दिवशी आमच्या उंबऱ्यावर ठेवलेली होती, घासून, पालथी. होळीनंतर त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं आणि त्याला राहायला खालच्या खोल्या लागणार होत्या. त्यांनी आमचा अपमान केला असता तर भांडता आलं असतं. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि खेळात नाव काढ म्हणाल्या. आईला त्या "बाई" म्हणाल्या. वहिनी नाही, कवठेकरही नाही.

आम्ही गौलीगुड्यात बसस्टँडच्या मागं एका घरात गेलो. घरमालक पानाच्या दुकानावर बसलेला एक म्हातारा होता, हिशेबात गढलेला, कानानं चांगला. हातगाडीवर मशीन, कपाट, अंथरुणं. गल्ली बघ्यांनी भरलेली. बाबा दुकानासमोर जाऊन उभे राहिले, अंगातला शर्ट खाली ओढला आणि त्यानं काही विचारण्याआधीच मोठ्यानं म्हणाले, "हम लोग सोनकांबळे! जिला नांदेड! सोनकांबळे!" इतक्या मोठ्यानं, की समोरच्या हॉटेलातली माणसं चहाचे कप घेऊन बाहेर आली. आई त्यांची बाही ओढत होती, "हळू बोला हो, त्याला ऐकू येतंय." बाबा थांबेनात. त्यांचा आवाज मधेच फाटला आणि तरी त्यांनी आणखी एकदा आडनाव सांगितलं. मी कपाटाच्या मागं सरकले, कुणी मला त्यांच्याबरोबरची समजू नये म्हणून.

म्हाताऱ्यानं पानाला चुना लावता लावता वर पाहिलं. "हौ, सुना मियाँ," तो म्हणाला. "किराया पैली कू देना. पानी सुबू कू आता."

बाबा तरीही तिथंच उभे होते. त्यांना वाटत होतं, तो आणखी काहीतरी विचारेल.